समोरचं दार

शमोनी मसुराच्या शोरब्याचं पातेलं घेऊन हाझिमच्या दारात उभी राहिली. त्याची सून वफा बघतच राहिली.

"मावशी, तुम्ही? आमच्याकडे?"

"बाजूला हो गं. हात भाजतोय."

गल्ली एकच, दारं समोरासमोर; एक ख्रिस्ती, एक मुसलमान. मोसुलच्या बाजूने बंदूकवाले गावात शिरले, त्या उन्हाळ्यात सगळी ख्रिस्ती घरं रातोरात रिकामी झाली. गाडीत जागा उरली नाही, म्हणून शमोनीचा मुलगा मत्ती तेवढा मागे राहिला, माळ्यावर लपला. ती परतली तेव्हा घर जळालेलं होतं. मत्तीचं जे काही उरलं होतं, ते मागच्या विहिरीत सापडलं. घर कुणी दाखवलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून ती हाझिमच्या दाराकडे पाठ करूनच अंगण झाडायची.

चर्चला मात्र जायची. आजीने शिकवलेली प्रार्थना रोज म्हणायची, येशूच्याच बोलीतली. मारान, ता. आमच्या प्रभू, ये. परवाच्या रविवारी ती तिने अर्ध्यावरच सोडली. हाझिम मरायला टेकलाय, हे सकाळीच कानावर आलं होतं. आणि प्रभू खरंच आज आला, तर त्या दाराकडे पाठ का फिरवलीस, हेच आधी विचारील, असं तिला वाटलं.

हाझिम गादीवर पडला होता. नुसती हाडं.

"मत्तीची आई," तो म्हणाला.

या नावाने तिला हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. ती बसली. चमच्याने भरवू लागली. दोन घोट गिळून त्याने तोंड फिरवलं.

"घर मीच दाखवलं. वाटलं, नुसतं लुटतील. तो आत आहे हे माहीत नव्हतं मला."

"जिन्यात त्याच्या चपला होत्या," शमोनी म्हणाली. "दारातूनच दिसल्या असतील की तुम्हाला."

पातेलं उचलून ती उठली. दारापर्यंत गेलीही.

"तुमचा येशू, आमचा ईसा, परत येणार हे आम्हीही मानतो," मागून त्याचा आवाज आला. "तो आला की माझं काय सांगशील त्याला?"

शमोनी उंबरठ्यावरच थांबली.

"आधी मी माझ्या मत्तीबद्दल विचारीन," ती म्हणाली. "तुमची पाळी त्यानंतर." मग परत येऊन बसली. "माफ केलं, असं आज काही माझ्या तोंडून निघत नाही. उद्या बघू. उद्या भाताची पेज आणते."

त्याने तोंड उघडलं. थोडा शोरबा त्याच्या दाढीत सांडला. तिने तो ओढणीच्या टोकाने पुसला, आणि चमचा पुन्हा भरला.