हातावरचं नाव

“वकिलाचं बाकडं म्हणं. निस्ती ढेकणं पाळल्यात,” सारजाबाई सुनेच्या कानाशी पुटपुटली, पण उठली नाही. तेरहून बैलगाडीनं धाराशिवला येईतो तिची कंबर बाकड्याइतकीच लाकडी झाली होती.

शिवकांता हसली नाही. तिचे ओठ नुसते हलत होते. वाटभर सासूनं घोकून घेतलेली उत्तरं ती मनात पुन्हा लावून बघत होती.

“लगीन कधी?” सारजाबाईनं शेवटची उजळणी घेतली.

“तेरणेला पूर आलता त्या साली.”

“नांदाय कधी आलीस?”

“दुसऱ्या साली, सुगीला.”

“आन् दावा कुणावर?”

शिवकांतानं पदराचं टोक तोंडात धरलं. गाडीतही दर वेळी इथंच चाक रुतलं होतं. नवऱ्याचं नाव ती घ्यायची नाही. आणि खरं सांगायचं तर पोटच्या लेकाचं नाव सारजाबाईनंही तीन वर्षांत घेतलं नव्हतं. घरात दोघी त्याला ‘तिकडं’ म्हणायच्या. तिकडनं काही सांगावा? तिकडं थंडी असंल का? गावात कुणी विचारलंच तर दोघींचं उत्तर ठरलेलं. सोलापूरला गिरणीत कामाला हाय.

मग अवसेला एक परका माणूस आला आणि त्यांच्या वावराच्या बांधावरून पावलं मोजत फिरला. मालकानं मला विकायचं कबूल केलंय, म्हणाला. वावर लेकाच्या नावावर, आणि दोघींची भाकरी त्या वावरात. सारजाबाई रात्री जेवली नाही. धाराशिवचे चाँदपाशा वकील बाईमाणसाचं पुरतं ऐकून घेतात असं तिनं कधीतरी बाजारात ऐकलं होतं. सकाळी उठून तिनं त्यांनाच निरोप धाडला.

वकिलांनी आत बोलावलं. भिंतीवर निजामसरकारचा फोटो, खाली उर्दू कागदांची चळत, आणि चळतीआड खोकला झालेला एक म्हातारा माणूस. सारजाबाईनं तुपाचा लोटा पुढं ठेवला.

“तुम्ही मुलाच्या आई ना, बाई?”

“व्हय.”

“मग तुम्ही तर समोरच्या बाजूच्या झालात. सुनेबरोबर कशा?”

हा प्रश्न घोकायचा राहूनच गेला होता.

“गाडीत जागा व्हती,” सारजाबाई म्हणाली.

वकिलांना हसू आलं, मागून खोकला आला. “मुलगा असतो कुठं?”

“कामाला हाय. गिरणीत.”

“किती दिवस?”

“तीन वर्सं.”

“मध्ये आला नाही?”

“काम लई असतंय गिरणीत.”

वकिलांनी टाक दौतीत बुडवला आणि ते शिवकांताकडं वळले. “हे बघ बेटी. पोटगीचा दावा लावला तर वावराची विक्री थांबवा म्हणून अर्ज करता येईल. पण मी लिहीन ते तुझ्या तोंडचं पाहिजे. कोर्टात मुन्सफसाहेब तुलाच विचारतील, सासूला नाही. बोल. दावा कुणावर?”

शिवकांतानं सासूकडं बघितलं. मग डाव्या हातातल्या बांगड्या वर सरकवल्या आणि हात वकिलांपुढं धरला.

मनगटाच्या वर हिरवं गोंदण होतं. येरमाळ्याच्या जत्रेत त्यानंच हट्टानं गोंदवून घेतलेलं, त्याचं नाव. सारजाबाईला हसू फुटलं आणि ते तिला तिथंच गिळावं लागलं. हे उत्तर पोरीनं सासूला न सांगता, एकटीनं तयार करून आणलं होतं.

वकिलांनी चष्मा लावला. हात न धरता, वाकून, अक्षरं वाचली.

“वाचलं मी. पण बेटी, मुन्सफसाहेबांपुढं हात बोलत नाही.”

“नाव घेतलं की माणसाचं आयुष्य कमी हुतंय म्हणत्यात,” शिवकांता खाली बघून म्हणाली.

सारजाबाईला वाटत होतं, पोर लाजते. आणि ती इतके दिवस हे जपत बसली होती. तो तिकडं, आणि त्याचं आयुष्य हिच्या पदरात.

तिनं सुनेचा गोंदलेला हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. वर अडकलेल्या बांगड्या एकेक करून खाली आणल्या.

“त्याच्या आयुष्याचं म्या बघते. जलम दिलाय म्या. तू घे नाव.”

वकिलांनी खोकला दाबून धरला.

“महारुद्र,” शिवकांता म्हणाली. मग जरा मोठ्यानं, “महारुद्र. कामाला न्हाय गेले ते. तिकडं दुसरा संसार मांडलाय.”

टाक कुरकुरत कागदावर चालला होता.

“आमाला टाकलंय त्यांनी.”

टाक थांबला. “आम्हाला? दावा तुझ्या एकटीचा आहे, बेटी.”

शिवकांतानं सासूच्या मांडीवरचा हात काढून घेतला नाही.

“दोघींना टाकलंय,” ती म्हणाली. “तसंच लिवा.”