सेकंदासकट

कोर्टाकडून येणाऱ्या गठ्ठ्याचं वरचं पान आज पहिल्यांदाच कारकूनबाईंच्या टेबलावर आलं. एरवी साहेब ते काढून फाइलला लावायचे आणि आतल्या याद्या तेवढ्या बाईंकडे धाडायचे. आज साहेबांना उशीर झाला आणि गठ्ठा थेट बाईंच्या हाती पडला. पानावर एकच ओळ ठळक होती : ‘सर्व वेळा जागतिक घड्याळाच्या. स्थानिक वेळेसाठी साडेपाच तास मिळवावेत.’

बाईंनी ती तीनदा वाचली. 

इंटरनेट कंपनीतलं त्यांचं काम सरळ होतं. चोरून सिनेमे उतरवणाऱ्यांवर सिनेमावाले खटला भरत. चोराचं नाव कुणालाच ठाऊक नसे. हाती असे तो इंटरनेटचा नंबर आणि वेळ. हे नंबर दिवसभर या घरातून त्या घरात फिरतात. म्हणून कोर्ट विचारी, त्या वेळी हा नंबर कुणाकडे होता? बाई बघून नाव लिहीत. दोन वर्षं लिहीत होत्या, आणि तेही साडेपाच तास न मिळवता! करून गेलं गाव अन् भलत्याचंच नाव, दुसरं काय?

साहेब आल्याआल्या बाईंनी पान पुढे धरलं. साहेबांनी दार लोटून घेतलं.

“झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या, बाई. एक नाव चुकलं म्हटलंत की सगळीच चुकली. आधी तुमची नोकरी जाईल, मग माझी.”

“आणि ज्यांची नावं गेली, त्यांचं काय?”

“चोर नसतील तर सुटतील की!”

बाई जागेवर येऊन बसल्या. नोकरी गेली तर गेली, असं त्यांनी ठरवलं, आणि ठरवल्यावर रडूच आलं. डोळे पुसून त्यांनी जुन्या यादीतल्या पहिल्या माणसाला पत्र लिहिलं. आपलं नाव आमच्या चुकीमुळे कोर्टात गेलं, आपला काहीही दोष नाही. सही केली, शिक्का मारला. पत्ता दोन गल्ल्या सोडून होता. जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतःच निघाल्या.

ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचं दुकान होतं. भिंतभर घड्याळं, सगळी एका वेळेवर.

“मी इंटरनेट कंपनीतून आलेय, काका. त्या नोटिशीबद्दल...”

“ते मिटलं हो.” काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. “लेकीनंच केलं होतं. घरात आम्ही दोघंच, आणि मला तर फोनसुद्धा धड लावता येत नाही. ती म्हणायची, ‘बाबा, त्या वेळी मी तुमच्यासमोर या स्टुलावर बसले होते.’ मलाही तसंच आठवत होतं. पण नोटिशीत वेळ होती ना, सेकंदासकट! मी घड्याळवाला माणूस. त्या वेळेला खोटं कसं म्हणू? सिनेमाचं काही नाही हो. तोंडावर खोटं बोलली, म्हणून घराबाहेर काढली.”

“आता कुठे असते?”

काकांनी वर बघितलं. घड्याळांच्या मधोमध एका तरुण मुलीचा फोटो होता. खाली दोन तारखा होत्या.

“आठव्या दिवशी नदीत सापडली.”

बाईंचा हात पर्समधल्या पत्रावर तसाच राहिला.

“जीव फार कासावीस झाला की तो नोटिशीचा कागद काढून वाचतो,” काका म्हणाले. “तेवढाच आधार. तो नसता, तर वाटत राहिलं असतं की पोर खरं बोलत होती.” मग ते भानावर आले. “तुम्ही कशासाठी आला होतात?”

सकाळी गोळा केलेला सगळा धीर बाईंना सोडून गेला. त्यांनी पर्स मिटली. मनगटावरचं घड्याळ काढून काकांपुढे ठेवलं.

“हे जरा बघता का? बिघडलंय.”

काकांनी भिंग लावलं. घड्याळ उघडलं, कानाशी धरलं, भिंतीशी ताडून पाहिलं. मग परत त्यांच्या हातात दिलं.

“यात काही बिघाड नाही, बाई. वेळ अगदी बरोबर आहे. सेकंदासकट.”