डावीकडचा आवाज

"ऐकलंस?" नवरा म्हणाला. "पुढचं डावं चाक."

बायकोने ऐकलं होतं. गतिरोधकावर चढताना एक टक्, उतरल्यावर आणखी एक टक्. डब्याचं पत्र्याचं झाकण दाबून सोडावं तसा आवाज. तिने आपली छोटी गाडी गॅरेजच्या दारात आणून उभी केली.

गॅरेजवाल्याने गाडी बघितली आणि डोक्याला हात लावला. लिंक रॉड बदलून झाला होता. बुश बदलून झाले होते. शॉकअप काढून, तपासून पुन्हा जागेवर बसवले होते. आवाज जिथल्या तिथे. बरं, त्याने एकट्याने फिरवून आणली की गाडी चिडीचूप, डॉक्टरच्या दारात पोराचा खोकला थांबतो तशी. आज त्याने ती पुन्हा जॅकवर घेतली, चाक दोन्ही हातांनी धरून दुखऱ्या दातासारखं हलवून पाहिलं. चाक तसूभर हललं नाही.

"मी सांगतो, गाडी म्हातारी झाली," नवरा म्हणाला. "उद्या गिऱ्हाईक बघायला येतंय. पसंत पडली तर देऊन टाकू."

त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून स्टिअरिंग तिच्याकडे आलं होतं. पन्नाशी उलटल्यावर ती गाडी शिकली, एका फटक्यात परीक्षा पास झाली, आणि घाटापलीकडे राहणाऱ्या लेकीच्या दारात स्वतः गाडी नेऊन हॉर्न वाजवायचा, एवढं एकच स्वप्न बघू लागली. नेमका तेव्हापासून हा आवाज. घाटात चाक निखळलं तर काय घ्या, असं नवऱ्याचं म्हणणं. लेकीकडे बसने जाता येतं. "बसमध्ये तुला खिडकीची जागा देईन," असंही तो म्हणाला होता. आणि ते अगदी मनापासून म्हणाला होता, हीच तर पंचाईत होती. स्वतः तो बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा धरायचा आणि उतरेपर्यंत डोळा लावत नसे. दुसऱ्याच्या हातात गाडी असताना झोपायचं म्हणजे काय, हे त्याला कधी समजलंच नव्हतं.

"वहिनी, तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो," गॅरेजवाला म्हणाला.

शाळेमागच्या रस्त्यावर ओळीने गतिरोधक होते. ती गेली, वळली, परत आली. टक् नाही की टुक् नाही.

"तुमच्या वजनाने दबला असेल आवाज," गॅरेजच्या दाराशी उभ्या नवऱ्याने निदान केलं.

"माझ्या पोटाला सस्पेन्शनमध्ये ओढू नका, भाऊ. चला, तुम्हीही बसा."

या वेळी नवरा त्याच्या नेहमीच्या जागी, म्हणजे तिच्या डावीकडे बसला. गॅरेजवाला मागे बसला आणि पुढच्या दोन सीटांमधून डोकं घालून कान खाली नेला. पहिला गतिरोधक. टक्, टक्.

"आला की नाही?" नवरा जिंकल्यासारखा म्हणाला.

मग एक कुत्रं आडवं आलं. गतिरोधक नव्हता, खड्डा नव्हता. तिने वेळेत ब्रेक लावला, गाडी जागच्या जागी थांबली. तरीही टक्!

मागून गॅरेजवाल्याचं डोकं वर आलं. त्याने घसा साफ केला.

"भाऊ, आता जरा मांडी घालून बसा."

"मांडी घालून? मी काय जेवायला बसलोय?"

"बसा तर खरं."

कुरकुरत त्याने चपला काढल्या, पाय वर घेतले. ती निघाली. गतिरोधक आला, गेला. दुसरा आला, तोही गेला. गाडीत नुसतं इंजिन ऐकू येत होतं.

परतल्यावर गॅरेजवाल्याने डावीकडची रबरी मॅट उचलली. खालून कधीतरी दगड लागून तळाचा पत्रा फुगला होता. अंगठ्याने दाबला, टक्. सोडला, टक्. मॅटवर एक जागा घासून गुळगुळीत झाली होती, पायाच्या चवड्याएवढी. बरोबर तिथेच, जिथे तिच्या बाजूला ब्रेक होता.

गाडी चालवताना तिने रस्ता सोडून कधी कुठे पाहिलंच नव्हतं. नवशिक्या माणसाला तेवढी उसंत कुठली? आता तिने मॅटकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो समोरच्या कोऱ्या भिंतीकडे फार लक्ष देऊन बघत होता. कान लाल झाले होते.

"मुद्दाम नाही गं करत," तो पुटपुटला. "पाय आपोआप जातो."

तिला हसू आवरेना.

"पत्रा ठोकून बसवतो, लगेच होईल," गॅरेजवाला म्हणाला.

"राहू द्या."

"अहो वहिनी, आवाज येत राहील."

"येऊ दे. मला कळेल तरी."

गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून फोन नवऱ्यानेच केला. "गाडीत काही दोष नाही," एवढंच सांगून त्याने फोन ठेवला.

रविवारी ते लेकीकडे निघाले. घाट लागला. पहिल्या वळणावर टक्. "दिसलं हो, दिसलं," ती म्हणाली. समोरून ट्रक आला तेव्हा दोनदा टक् झालं. तिसऱ्या वळणावर जरा बारीक. माथा ओलांडला, उताराची वळणं सुरू झाली, आणि डावीकडचा आवाज बंद पडला. एक वळण गेलं, मग दुसरं. राग आला असेल, हट्टाने पाय आवरून बसला असेल, असं तिला वाटलं.

सरळ रस्ता लागल्यावर तिने पहिल्यांदाच हळूच डावीकडे पाहिलं. चपला काढलेल्या होत्या. मांडी घातलेली होती. मान खिडकीकडे कलली होती, आणि तो घोरत होता.