डेस्कटॉप नंबर तीन

“तिसरा लई बेकार हाय, ताई. पुसून टाक,” म्हणत बाळू खुर्चीवरून उठला. यशोधराने वहीत तिसऱ्या नावापुढे पाचवी फुली मारली.

युसूफ वडगाव या गावात विहाराशेजारी वाचनालय आहे, आणि वाचनालयात हा एकच जुना कॉम्प्युटर. यशोधराच्या भावाने, जीवनने, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून तीन डेस्कटॉप, म्हणजे पडद्याच्या तीन वेगवेगळ्या मांडण्या, बसवले होते: ग्नोम, केडीई आणि एक्सएफसीई. ज्याला जो सोपा वाटेल त्याने तो वापरावा, असं त्याचं म्हणणं. सहा महिन्यांपूर्वी रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्याची मोटारसायकल आदळली, आणि तो गेला. आता डिस्क गच्च भरली होती. एकच डेस्कटॉप ठेवायचा होता. दादाच्या हातचं काय पुसायचं ते तिला एकटीला ठरवता येईना, म्हणून तिने गावालाच परीक्षेला बसवलं. काम एवढंच: फोटो उघडायचा, मोठा करायचा, बंद करायचा.

ग्नोमवर सरूबाई जरा अडखळल्या. केडीईवर सगळे पास झाले. तिसऱ्यावर मात्र एकजात सगळ्यांची दांडी गुल. बटण दाबलं की फोटो राहायचा बाजूला आणि भलतीच यादी उघडायची. अक्षरंही ही एवढाली. दादाने घाईत काहीतरी बिघडवून ठेवलं असणार, असं धरून ती पुसायला बसली.

तेवढ्यात तिचे वडील, शहादेव, तिचा डबा घेऊन आले. जीवन होता तोवर ते या दारात कधी आले नव्हते. तो रोज बोलवायचा, आणि हे रोज एकच म्हणायचे, “मला कशाला रं ते? जमायचं न्हाई.”

“पुसायच्या आदी मला बघू दे गं,” ते म्हणाले. “पोराच्या हातचं हाय.”

ते खुर्चीत टेकले. त्यांचा उजवा हात मळणीयंत्रात गेला त्याला बारा वर्षं झाली होती. त्यांनी डाव्या हाताने माऊस ओढून घेतला आणि ती सांगेल तिथे बाण नेऊन अंगठ्याशेजारचं बोट दाबलं. फोटो उघडला. मग मोठा झाला. मग बंदही झाला.

यशोधरा माऊसकडे बघतच राहिली. दादाने डाव्या हातासाठी त्याच्या दोन्ही बटणांची अदलाबदल केली होती. तिसरा डेस्कटॉप गावासाठी नव्हताच.

“हे तर लई सोपं हाय की, पोरी,” शहादेव म्हणाले. मग त्यांचा हात माऊसवरच थांबला. “रोज बोलवायचा गं त्यो. मी का बरं आलो न्हाई?”