एका शब्दाची चौकशी

"पुन्हा तेच," सिस्टर म्हणाली. "सकाळपासून एकच शब्द. पाणी दिलं तरी बाबा, सुई टोचली तरी बाबा."

खाटेवरचा म्हातारा छताकडे बघत पडला होता. बस स्थानकाच्या पायऱ्यांवर तो कोसळलेला सापडला. अर्धं अंग लुळं, वाचा जवळजवळ गेलेली, खिशात कागदाचा चिटोराही नाही. पडण्याआधी कितीतरी दिवस तो बाजारात लोकांना अडवून काहीतरी विचारत फिरत होता म्हणे. काय विचारत होता ते कुणालाच कळलं नव्हतं.

म्हणून दुभाषी बाईंना बोलावणं गेलं. परक्या माणसांचं बोलणं कोर्टात आणि इस्पितळात त्याच समजावून सांगायच्या.

बाई दारातून आत आल्या तशी म्हाताऱ्याने मान वळवली. "बाबा," तो म्हणाला.

"बघा!" सिस्टर हसली. "बाईमाणसाला बाबा! वात झालाय बिचाऱ्याला."

बाई पर्स खुर्चीला अडकवू लागल्या. पट्टा निसटला, पुन्हा निसटला. शेवटी त्यांनी ती मांडीवरच घेतली.

तपासाला आलेले पोलीस साहेब खिडकीशी उभे होते. पोट सुटलेला, पण मनाने बरा माणूस. "तुम्ही नुसती भाषा सांगा, बाई. वकिलातीला कळवतो. घरचं कुणी आलं तर निदान शेवटची भेट होईल. डॉक्टरांनी आशा सोडली आहे. शब्द तर आपल्याच घरातला वाटतो हो."

"तोच तर घोळ आहे." बाईंचा आवाज कोर्टातल्यासारखा सपाट होता. "तुर्कीत बाबा म्हणजे वडील. फारसीत वडील, स्वाहिलीत वडील, चिनीतसुद्धा वडील. आणि रशियनमध्ये म्हातारी बाई. जपानीतही म्हातारीच."

"म्हणजे बापही तोच आणि आजीही तीच?"

"बाळाने ओठ मिटून उघडले की हाच आवाज निघतो. समोर जो असेल त्याला वाटतं, मलाच हाक मारली. हा शब्द एका ठिकाणाहून निघून सगळीकडे गेला असं नाही, साहेब. जागोजागी आपला आपण उगवलाय, गवतासारखा. त्यावरून माणसाचं गाव नाही सापडत."

"आम्ही तर कुणालाही बाबा म्हणतो," साहेब म्हणाले. "काल आमच्या सौभाग्यवती मिक्सरला म्हणत होत्या, चालू हो रे बाबा!"

सिस्टर खुदकन हसली. बाईही हसल्या. म्हातारा तेवढा त्यांच्याकडे एकटक बघत राहिला.

बाईंनी त्याला एकेका भाषेत नाव विचारलं, गाव विचारलं. एकाही भाषेत उत्तर आलं नाही.

"डोंगरापलीकडची बोली बोलून बघा ना," साहेब म्हणाले. "तिकडून बरेच जण येतात. मागे एक शिंपीण सापडली. तरुणपणी खोट्या कागदांवर आलेली. लग्न इथलं, पोरं इथली, नवऱ्याला गंधवार्ता नाही. तिला तर सीमेपार धाडलीच, पोरांचेही कागद रद्द झाले. सुक्याबरोबर ओलंही जळतं, काय करणार?"

"ती बोली मला येत नाही," बाई म्हणाल्या.

"एवढ्या भाषा शिकलात कुठे?" सिस्टरने सलाईनचा थेंब बघता बघता विचारलं. "माहेरी कुणी शिकलेलं होतं का?"

"माहेर नाही मला. आश्रमात वाढले."

पर्समधला मोबाइल वाजला. "हो राजा, निघतेच आहे," बाई फोनवर म्हणाल्या. "ताईला त्रास देऊ नकोस. दूध पिऊन घे." फोन मांडीवर ठेवला तरी पडदा उजळलेलाच राहिला. त्यावर दोन मुलं होती, धाकट्याचे पुढचे दात पडलेले.

म्हाताऱ्याने चांगला हात उचलला आणि बाईंच्या पदराचं टोक धरलं. "बाबा. बाबा."

आता साहेब खिडकीपासून पुढे आले. "बाई, हा तुम्हाला ओळखत तर नाही ना?"

"मला कसा ओळखेल?"

"विचारायला काय जातं?" साहेबांनी खाटेवर वाकून आधी बाईंकडे बोट दाखवलं, मग म्हाताऱ्याच्या छातीकडे, आणि हाताने खूण केली. तुझी कुणी आहे का ही?

बाईंच्या ओठांचा रंग उडाला होता. म्हातारा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, मग मांडीवरच्या फोटोकडे. तिथे त्याची नजर फार वेळ थांबली.

त्याने पदर सोडला. मान हलवली. नाही.

"चला, शंका फिटली," साहेब म्हणाले. "मग लिहितो, भाषा ओळखता आली नाही."

"लिहा," बाई म्हणाल्या.

त्यानंतर म्हाताऱ्याच्या तोंडून तो शब्द एकदाही आला नाही. सिस्टर मुद्दाम म्हणायची, "काय बाबा, रुसलात?" तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. आठवड्याच्या आत तो गेला. सिस्टरने बाईंना फोन केला, सहज, कळवावं म्हणून.

सकाळी बाई शवागारात आल्या तेव्हा बेवारस प्रेतांची गाडी दाराशी लागली होती.

"तुम्ही यांच्या कोण?" तिथल्या माणसाने विचारलं.

"दुभाषी."

"आता काय बोलणार हा?" तो पुटपुटला आणि गाडीवाल्याला हाक मारायला बाहेर गेला.

बाईंनी चादर गळ्यापर्यंत खाली केली आणि वाकून म्हाताऱ्याच्या कानाशी तोंड नेलं.

"बाबा," त्या म्हणाल्या. डोंगरापलीकडे बाप लेकीला लाडाने याच शब्दाने हाक मारतो, आणि लेक ओ देते तीही याच शब्दाने.