बिनआवाजाचा कीबोर्ड

“तुमच्या कीबोर्डच्या टकटकीनं डोकं उठतं माझं,” असं बायको वर्षानुवर्षं म्हणत आली होती. म्हणून हृदयाच्या ऑपरेशनमधून सावरलेल्या अनुवादकानं तिच्यासाठी गुपचूप कीबोर्ड खोलला. बिनआवाजाचे स्विच कानाशी दाबून पारखले, एकेकाला ब्रशनं वंगण लावून बटणांखाली बसवले, तळाला फोम अंथरला. आज त्यावर पहिलं पान टाइप झालं तरी घर चिडीचूप. तेवढ्यात बायकोनं साबणाच्या हातांनीच धावत येऊन त्याचा खांदा गदागदा हलवला. “अगं, आवाजच येत नाही बघ!” तो फुशारकीनं म्हणाला. “अहो, दवाखान्यातून आल्यापासून त्या टकटकीच्या भरवशावरच तर मी तुम्हाला एकटं सोडून भांडी घासते!” त्यानं खणातून जुने स्विच काढले. “स्पेसबारला सगळ्यात मोठ्या आवाजाचा बसवा,” ती हात पुसत म्हणाली, “नळ चालू असतानाही ऐकू आला पाहिजे.”