तळटीप क्रमांक सात

"औतावरचं हे गाणं कुणाचं? तळटिपेत नाव द्या, नाहीतर प्रकरण नामंजूर," असा प्रबंधावर गाइडबाईंचा शेरा आला, तशी वृषाली बाजारहत्नूरला, ते गाणं सांगणाऱ्या कौशल्याबाईंकडे धावली.

"आमच्या बुढ्याचं हाये."

"त्यांचं नाव?"

"नवऱ्याचं नाव असं सरळ घेतेत काय, माय? जाऊबाईले इचार."

जाऊबाईंचे ते थोरले दीर. त्यांनीही तोंडाला पदर लावला. शेवटी कौशल्याबाईंनी उखाणा घेतला. माहिती देणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे, या नियमाला धरून वृषालीनं तळटिपेत लिहिलं: "पऱ्हाटीच्या झाडाले बोंडाइची जोडी, सुधाकररावाच्या बोलण्यात गोडी."

गाइडबाईंनी नावाखाली रेघ मारली आणि पुढं लिहिलं, "उखाण्याचा स्रोत?"

वृषाली पुन्हा गेली. कौशल्याबाई नव्या नवरीसारख्या लाजल्या.

"त्यायनंच शिकवला, माय."